विश्लेषण : मुंबई दंगलीचा अहवाल आला, नावे आली, मग शिक्षा कुठे अडली?

मुंबईतील १९९२-९३ च्या दंगलीत ९०० जणांचा मृत्यू झाला आणि १६८ जण बेपत्ता झाले. बेपत्ता झालेल्यांपैकी १०८ जणांच्या वारसांना भरपाईचे दोन लाख रुपये तीस वर्षांतही मिळाले नव्हते, ही बाब सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२२ च्या निकालात नोंदली गेली आहे. कुणाचे पत्ते सापडले नाहीत, तर कुणाला कागदपत्रांची पूर्तता करता आली नाही. दंगलीनंतर हजारो कुटुंबांनी पत्ते बदलले. त्यातली बरीच कुटुंबे मुंब्रा आणि मीरा रोडला गेली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्येच सर्वांसमोर आला होता. त्यात घटना होत्या, ठिकाणे होती आणि जबाबदार व्यक्तींची नावेही होती. तरीही शिक्षा झालेल्यांची संख्या नगण्य राहिली. असे का झाले? यादवी युद्धानंतर श्रीलंकेसारख्या देशांत जे घडते, त्याच्याशी याचे साम्य कुठे आहे?

नेमके काय घडले होते?

अयोध्येतील बाबरी मशीद ६ डिसेंबर १९९२ रोजी पाडण्यात आली आणि त्याच रात्री मुंबईत हिंसाचार सुरू झाला. पहिला टप्पा डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आणि दुसरा ६ ते २० जानेवारी १९९३ या काळात घडला. आयोगाच्या नोंदीनुसार मृतांमध्ये ५७५ मुस्लीम आणि २७५ हिंदू होते. ४५ जणांची ओळख पटली नाही आणि पाच जण इतर समाजांतील होते. जखमींची संख्या दोन हजारांवर गेली.

मृत्यूची कारणे पाहिली की जबाबदारीचा प्रश्न किती गुंतागुंतीचा आहे हे कळते. सर्वाधिक ३५६ मृत्यू पोलिसांच्या गोळीबारात झाले. भोसकल्याने ३४७, जाळपोळीत ९१ आणि जमावाच्या हल्ल्यात ८० जण दगावले. म्हणजे दर पाच मृत्यूंपैकी साधारण दोन सरकारी बंदुकीच्या गोळीने झाले. त्यातला कोणता गोळीबार जमाव आवरण्यासाठी होता आणि कोणता अनावश्यक होता, हे ठरवणे हाच आयोगाच्या कामाचा सर्वांत कठीण भाग होता.

मीरा-भाईंदरचा याच्याशी काय संबंध?

१९९१ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या सुमारे पावणेदोन लाख होती. २००१ मध्ये ती पाच लाखांवर आणि २०११ मध्ये आठ लाखांवर गेली. या वाढीचे मोठे कारण परवडणारी घरे आणि पश्चिम रेल्वेची सोय हेच होते. पण दंगलीनंतरची सुरक्षिततेची ओढ हेही एक कारण होते. मीरा रोड पूर्वेचे नयानगर दंगलीच्या आधीच वसू लागले होते. दंगलीनंतर मुंबईतील मिश्र वस्त्यांमधून बाहेर पडलेली मुस्लीम कुटुंबे इथे आली. हिंदू कुटुंबांनीही आपल्या समाजाची वस्ती पाहून घरे बदलली. शहराच्या नकाशावर दंगलीची ही खूण आजही दिसते.

स्थलांतराचा न्यायावरही परिणाम होतो. फिर्यादी जोगेश्वरीचा, साक्षीदार मुंब्र्याचा आणि गुन्ह्याची नोंद तिसऱ्याच पोलीस ठाण्यात, अशी स्थिती झाली की समन्स जुन्या पत्त्यावर जाते आणि 'सदर इसम मिळून येत नाही' असा शेरा घेऊन परत येते. असे दोन-चार वेळा झाले की खटला थंडावतो.

आयोगाने काय केले आणि त्याला काय करता येत नाही?

मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांचा एकसदस्यीय आयोग २५ जानेवारी १९९३ रोजी नेमण्यात आला. शिवसेना-भाजप युती सरकारने २३ जानेवारी १९९६ रोजी तो गुंडाळला. पुढे केंद्रात अल्पकाळ पंतप्रधान झालेल्या अटलबिहारी वाजपेयी यांच्या सूचनेनंतर २८ मे १९९६ रोजी तो पुन्हा सुरू झाला. मार्च १९९३ चे बॉम्बस्फोटही त्याच्या कार्यकक्षेत आले. आयोगाने १६ फेब्रुवारी १९९८ रोजी अहवाल दिला. सरकारने ६ ऑगस्ट १९९८ रोजी तो कार्यवाहीच्या निवेदनासह विधिमंडळात मांडला आणि त्याच वेळी त्यातील प्रमुख निष्कर्ष फेटाळले. मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी अहवाल पक्षपाती असल्याचा आरोप केला होता.

अहवालाने शिवसेनेच्या नेत्यांवर आणि कार्यकर्त्यांवर ठपका ठेवला, ३१ पोलिसांना दोषी धरले आणि तत्कालीन काँग्रेस सरकारच्या दिरंगाईवरही बोट ठेवले. म्हणजे ज्यांना सत्तेत येऊन कारवाई करायची होती, त्यातले जवळपास सगळेच पक्ष अहवालात कुठे ना कुठे होते.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. चौकशी आयोग म्हणजे न्यायालय नव्हे. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्यानुसार आयोग साक्षीदारांना बोलावू शकतो, कागदपत्रे मागवू शकतो, पण शिक्षा देऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ च्या दालमिया प्रकरणातच सांगितले की आयोगाचे काम सत्य शोधून सरकारला कळवण्याचे आहे. त्याचे निष्कर्ष कुणावर बंधनकारक नसतात. शिवाय आयोगासमोर दिलेली साक्ष त्याच व्यक्तीविरुद्ध फौजदारी खटल्यात पुरावा म्हणून वापरता येत नाही. लोकांनी न घाबरता बोलावे हा त्यामागचा हेतू. त्याचा परिणाम असा की आयोगाने पाच वर्षे घालून जे गोळा केले, ते पोलिसांना न्यायालयात जाण्यासाठी पुन्हा पहिल्यापासून गोळा करावे लागते.

कायद्याने सरकारवर घातलेली सक्ती एवढीच : सहा महिन्यांच्या आत अहवाल आणि काय कार्यवाही केली याचे निवेदन सभागृहात मांडणे. मुंबईच्या बाबतीत ही मुदत पाळली गेली. अहवालावर अंमल करण्याची मुदत कायद्यात कुठेच नाही.

मग खटल्यांचे काय झाले?

वेगवेगळ्या खटल्यांत न्याय वेगवेगळ्या ठिकाणी अडकला. काही उदाहरणे पाहू.

पहिली अडचण मुदतीची. शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्यावर 'सामना'तील लिखाणाबद्दल, समाजात तेढ वाढवल्याच्या कलमाखाली खटला होता. या कलमाला सरकारची पूर्वपरवानगी लागते. ती बराच काळ मिळाली नाही. सरकार बदलल्यावर परवानगी मिळाली आणि २५ जुलै २००० रोजी ठाकरे यांना अटक झाली. पण तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घेण्यासाठी न्यायालयाला तीन वर्षांचीच मुदत असते. ती टळल्याचे सांगून दंडाधिकाऱ्यांनी त्याच दिवशी प्रकरण बंद केले. आरोप खरे की खोटे, यावर सुनावणी झालीच नाही.

दुसरी अडचण विलंबाची. शिवसेनेचे माजी खासदार मधुकर सरपोतदार यांना डिसेंबर १९९२ मधील प्रक्षोभक भाषणाबद्दल जुलै २००८ मध्ये दोन सहकाऱ्यांसह एक वर्षाची शिक्षा झाली. दंगलीच्या संदर्भात शिक्षा झालेले ते पहिले राजकीय नेते. त्यांना जामीन मिळाला आणि २०१० मध्ये त्यांचे निधन झाले.

तिसरी अडचण वरिष्ठांवरील जबाबदारीची. ९ जानेवारी १९९३ रोजी मोहम्मद अली मार्गालगतच्या सुलेमान उस्मान बेकरीत पोलिसांनी केलेल्या गोळीबारावर आयोगाने कठोर ताशेरे ओढले. २००१ मध्ये तत्कालीन सहआयुक्त आर. डी. त्यागी आणि इतर पोलिसांवर गुन्हा दाखल झाला. त्यागी मधल्या काळात मुंबईचे पोलीस आयुक्तही होऊन गेले होते. २००३ मध्ये सत्र न्यायालयाने त्यागी आणि आणखी आठ जणांना खटला चालण्याआधीच आरोपमुक्त केले. उच्च न्यायालयाने २००९ मध्ये हा निर्णय कायम ठेवला आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये त्यात हस्तक्षेप केला नाही. त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने ते निर्दोष आहेत. खालच्या दर्जाच्या पोलिसांवरील खटला मात्र पुढे रेंगाळत राहिला.

चौथी अडचण जखमीलाच आरोपी करण्याची. वडाळ्याच्या हरी मशिदीत १० जानेवारी १९९३ रोजी पोलीस गोळीबार झाला. त्यात गोळी लागलेल्या एका नागरिकावर दंगल केल्याचा गुन्हा दाखल झाला. तो निर्दोष ठरायला २००९ साल उजाडले.

पाचवी अडचण कच्च्या तपासाची. जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीत जानेवारी १९९३ मध्ये सहा हिंदू रहिवाशांचा जाळून बळी घेतला गेला. या प्रकरणात टाडा कायद्याखाली ११ जणांना शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सर्वांना निर्दोष सोडले. त्यामुळे त्या चाळीतील मृतांच्या नातेवाइकांनाही 'मग आमची माणसे कुणी मारली' या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही. न्याय अडतो तेव्हा तो एकाच समाजाचा अडत नाही, हे या प्रकरणातून दिसते.

याशिवाय शेकडो प्रकरणे 'अ समरी' म्हणून बंद झाली. पोलिसी भाषेत याचा अर्थ, गुन्हा घडला हे खरे, पण आरोपी सापडत नाहीत.

बॉम्बस्फोटांचा खटला तडीस कसा गेला?

दंगलीनंतर दोनच महिन्यांनी, १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत साखळी बॉम्बस्फोट झाले. २५७ जणांचा बळी गेला. हे स्फोट अयोध्या आणि मुंबईतील घटनांची प्रतिक्रिया होते, असे श्रीकृष्ण आयोगाने नमूद केले आहे. या खटल्यासाठी विशेष न्यायालय होते, विशेष सरकारी वकील होते, तपास सीबीआयकडे होता. २००६-०७ मध्ये १०० आरोपी दोषी ठरले. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये अंतिम निकाल दिला. याकूब मेमनला ३० जुलै २०१५ रोजी फाशी झाली. अबू सालेमसह दुसऱ्या तुकडीतील आरोपींचा निकाल २०१७ मध्ये लागला.

या तपासात वापरलेल्या टाडा कायद्यावर, विशेषतः पोलिसांसमोरचा कबुलीजबाब पुरावा मानण्यावर, रास्त टीका झाली आणि तो कायदा १९९५ मध्ये संपुष्टात आला. पण मुद्दा दुसरा आहे. तेच शहर, तीच पोलीस यंत्रणा आणि त्याच काळातले गुन्हे. सरकारने मनावर घेतले, माणसे आणि पैसा दिला, तेव्हा परदेशात पळालेल्या आरोपींपर्यंतही यंत्रणा पोहोचली. म्हणजे दंगलीचे आरोपी सापडणे अशक्य होते, असे म्हणता येत नाही.

गुजरातच्या पीडितांना मुंबईत न्याय कसा मिळाला?

याच मुंबईतील न्यायालयांनी दुसऱ्या राज्यातील दंगलीच्या प्रकरणांत शिक्षा दिल्या आहेत. २००२ च्या गुजरात दंगलीतील बेस्ट बेकरी खटला सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये महाराष्ट्रात वर्ग केला. २००६ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने नऊ जणांना दोषी ठरवले. त्यातील चौघांची शिक्षा पुढे उच्च न्यायालयात टिकली. बिल्किस बानो प्रकरणात तपास सीबीआयकडे गेला, खटला मुंबईत चालला आणि जानेवारी २००८ मध्ये ११ जणांना जन्मठेप झाली. मे २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पुरावे दडपल्याबद्दल पाच पोलीस आणि दोन डॉक्टरांनाही दोषी धरले.

दोन्ही प्रकरणांत खटला आणि यंत्रणा स्थानिक सरकारच्या हातून काढून घेण्यात आली होती. मुंबईच्या दंगलीबाबत असे झाले नाही. ज्या पोलीस दलावर ठपका होता, त्याच दलाकडे बहुतेक तपास राहिला आणि खटला चालवण्याची परवानगी देणारे सरकार तेच राहिले.

दंगलीची 'युद्धगुन्ह्यां'शी तुलना कशासाठी?

दंगल म्हणजे युद्ध नव्हे. युद्धगुन्हा म्हणण्यासाठी सशस्त्र संघर्ष असावा लागतो. पण आंतरराष्ट्रीय कायद्यात 'मानवतेविरुद्धचे गुन्हे' नावाचा दुसरा प्रकार आहे. नागरिकांवर व्यापक किंवा पद्धतशीर हल्ला झाला तर शांततेच्या काळातही तो लागू होऊ शकतो. भारत आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा सदस्य नाही आणि आपल्या कायद्यात असा गुन्हाही नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०१८ रोजी १९८४ च्या शीखविरोधी हत्याकांडात काँग्रेसचे माजी खासदार सज्जनकुमार यांना जन्मठेप देताना याच उणिवेकडे लक्ष वेधले. अशा सामूहिक हत्यांच्या मालिकेत न्यायालयाने मुंबई १९९३ चाही उल्लेख केला होता.

हा खटला आणखी एका कारणासाठी महत्त्वाचा आहे. न्या. नानावटी आयोगाच्या अहवालानंतर २००५ मध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवला आणि १३ वर्षांनी शिक्षा झाली. म्हणजे आयोगाचा अहवाल फौजदारी खटल्यापर्यंत नेता येतो. त्यासाठी स्वतंत्र तपास यंत्रणा लागते.

युद्धगुन्ह्यांच्या कायद्यातील दुसरी उपयोगी संकल्पना म्हणजे वरिष्ठांची जबाबदारी. हाताखालची माणसे गुन्हे करत आहेत हे माहीत असून, किंवा माहीत असायला हवे असताना, ज्या अधिकाऱ्याने ते थांबवले नाहीत, तोही दोषी. आपल्याकडे आदेश कुणी दिला याचा थेट पुरावा लागतो आणि तो क्वचितच सापडतो. सांप्रदायिक हिंसाचार प्रतिबंध विधेयकाच्या २०११ च्या मसुद्यात ही तरतूद होती. राज्यांच्या अधिकारांवर अतिक्रमणाच्या आक्षेपामुळे फेब्रुवारी २०१४ मध्ये हे विधेयक राज्यसभेत अडले आणि पुढे आलेच नाही.

श्रीलंकेत काय झाले?

श्रीलंकेतील लष्कर आणि एलटीटीई यांच्यातील २६ वर्षांचे युद्ध मे २००९ मध्ये संपले. अखेरच्या टप्प्यात ४० हजारांपर्यंत नागरिक मारले गेले असण्याची शक्यता संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये वर्तवली. दोन्ही बाजूंवर गंभीर आरोप होते. लष्करावर रुग्णालये आणि 'सुरक्षित क्षेत्रां'वर मारा केल्याचा, तर एलटीटीईवर नागरिकांना ढाल बनवल्याचा आणि मुलांना जबरदस्तीने लढाईत उतरवल्याचा.

कोलंबोने २०१० मध्ये स्वतःचा आयोग नेमला. त्याने २०११ मध्ये शिफारशी केल्या, खटले मात्र उभे राहिले नाहीत. २०१५ मध्ये श्रीलंकेने मानवाधिकार परिषदेत परदेशी न्यायाधीशांचा सहभाग असलेल्या न्याययंत्रणेला मान्यता दिली आणि २०२० मध्ये सत्ताबदलानंतर त्यातून अंग काढून घेतले. त्याच वर्षी, आठ तमिळ नागरिकांच्या हत्येत फाशीची शिक्षा झालेल्या एका लष्करी जवानाला अध्यक्ष गोटाबया राजपक्षे यांनी माफी दिली. शिक्षा झालेल्या मोजक्या प्रकरणांपैकी ते एक होते. बेपत्ता व्यक्तींसाठीचे स्वतंत्र कार्यालय २०१६ च्या कायद्याने उभे राहिले, तरी तमिळ माता छायाचित्रे घेऊन रस्त्यावर बसतच राहिल्या. अखेर २०२१ मध्ये मानवाधिकार परिषदेने भविष्यातील खटल्यांसाठी पुरावे जपून ठेवण्याची वेगळी व्यवस्था केली. त्या ठरावावर भारत तटस्थ राहिला.

प्रमाण आणि स्वरूप वेगळे असले तरी अडथळे ओळखीचे आहेत : जिंकलेल्यांनीच केलेली चौकशी, शिफारशी बंधनकारक नसलेला आयोग आणि सत्ताबदलाबरोबर फिरणारे धोरण. पुरावे जपण्याची श्रीलंकेबाबतची व्यवस्था मात्र मुंबईसाठी झाली नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये काय सांगितले?

अहवालाची अंमलबजावणी व्हावी यासाठी २००१ मध्ये दाखल झालेल्या याचिकेवर ४ नोव्हेंबर २०२२ रोजी निकाल लागला. न्या. संजय किशन कौल, न्या. अभय ओक आणि न्या. विक्रम नाथ यांच्या खंडपीठाने म्हटले की कायदा-सुव्यवस्था राखण्यात आणि नागरिकांच्या हक्कांचे रक्षण करण्यात राज्य सरकार अपयशी ठरले. जातीय तणावाखाली जगावे लागणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्कावर आघात आहे आणि त्याची भरपाई देणे ही राज्याची जबाबदारी आहे.

प्रत्यक्ष आदेश असे होते. १०८ बेपत्तांच्या वारसांचा शोध घेऊन दोन लाख रुपये २२ जानेवारी १९९९ पासून नऊ टक्के व्याजासह द्यावेत. यावर देखरेखीसाठी महाराष्ट्र राज्य विधी सेवा प्राधिकरणाच्या सदस्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी. २५३ फौजदारी खटल्यांपैकी ९७ खटले आरोपी न सापडल्याने निद्रिस्त यादीत होते. फरार आरोपी शोधण्यासाठी विशेष पथक नेमून ते पुन्हा जिवंत करावेत. पोलीस दलाच्या सुधारणेबाबतच्या आयोगाच्या शिफारशी अमलात आणाव्यात. २०२४ मध्ये न्यायालयाला या आदेशांच्या पूर्ततेबाबत राज्य सरकारला पुन्हा बजावावे लागले.

सरळ व्याजाने हिशेब केला तर दोन लाखांवर वर्षाला १८ हजार रुपये व्याज होते. म्हणजे २५ वर्षांचे साडेचार लाख. मुद्दलापेक्षा व्याज दुपटीहून अधिक झाले. विलंबाची किंमत यातून आकड्यात दिसते.

बेपत्तांच्या वारसांना आज काय करता येईल?

बेपत्ता माणसाच्या कुटुंबाची अडचण मृताच्या कुटुंबापेक्षा वेगळी असते. मृतदेह नाही म्हणून मृत्यूचा दाखला नाही. दाखला नाही म्हणून खोली नावावर होत नाही, बँकेतले किंवा भविष्यनिर्वाह निधीचे पैसे निघत नाहीत. सात वर्षे ज्याचा ठावठिकाणा नाही, तो मृत मानण्याची तरतूद पुरावा कायद्यात आहे. पण त्यासाठीही सहसा न्यायालयात जाऊन तसे जाहीर करून घ्यावे लागते.

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ नुसार वांशिक हिंसाचार, जातीय अत्याचार अशा कारणांनी अडचणीत आलेल्यांना मोफत वकील मिळू शकतो. महिलांना उत्पन्नाची अट न लावता ही मदत मिळते. मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात येत असल्याने ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. बेपत्ता झाल्याच्या तक्रारीची जुनी प्रत, शिधापत्रिका, शाळेचा दाखला, जुन्या घराची भाडेपावती असा नाते आणि जुना पत्ता दाखवणारा कोणताही कागद उपयोगी पडतो. पत्ता बदलला असेल तर जुना आणि नवा असे दोन्ही पत्ते अर्जात लिहावेत. १०८ जणांच्या यादीत नेमकी अडचण तिथेच आली आहे.

पुढे काय?

नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत एक बदल लक्षात घेण्यासारखा आहे. सरकारी नोकरावर खटला चालवण्याच्या परवानगीवर १२० दिवसांत निर्णय न झाल्यास ती मिळाली असे मानले जाते. ही तरतूद १९९३ मध्ये असती तर पोलिसांवरील काही फायली मंत्रालयात वर्षानुवर्षे पडून राहिल्या नसत्या. साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मंजूर केली आहे. तिचा वापर किती होतो, यावर तिचे यश ठरेल.

मीरा रोडनेही या प्रश्नाचा ताजा अनुभव घेतला आहे. २१ जानेवारी २०२४ च्या रात्री नयानगर भागात वाहनांवर आणि त्यातील लोकांवर हल्ला झाला. पुढच्या दिवसांत दुकाने आणि वाहनांची मोडतोड झाली. पोलिसांनी अटका केल्या. २३ जानेवारीला महापालिकेने परिसरातील बांधकामे अनधिकृत ठरवून बुलडोझरने पाडली. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी निर्देश दिले की किमान १५ दिवसांची नोटीस आणि सुनावणी दिल्याशिवाय बांधकाम पाडता येणार नाही आणि कुणी आरोपी आहे म्हणून त्याचे घर पाडणे घटनाबाह्य आहे.

दंगलीनंतर लोकांना काहीतरी झालेले दिसायला हवे असते. बुलडोझर लगेच दिसतो. आरोपपत्र, साक्षी आणि निकाल दिसत नाहीत, कारण त्यांना वेळ लागतो. पण दगड कुणी मारला, दुकान कुणी फोडले, कोणत्या अधिकाऱ्याने वेळेत पोलीस पाठवले नाहीत, याची उत्तरे खटल्यातूनच मिळतात. १९९३ चे ९७ खटले निद्रिस्त यादीत गेले, ते आरोपी न सापडल्यामुळे आणि त्यांचा पाठपुरावा कुणी न केल्यामुळे. २०२४ च्या खटल्यांचे तसे होऊ द्यायचे नसेल, तर त्यांच्या तारखांवर आतापासून लक्ष ठेवावे लागेल.